नावांमधली तिरकी रेघ

"टायटलवर तुम्हा दोघांच्या नावांच्या मधे काय लिहिलंय, 'अँड' की 'ऑर'?"

फोनवरच्या बाईंनी हे विचारलं तेव्हा मी कुकरच्या तिसऱ्या शिट्टीची वाट बघत स्वयंपाकघरात उभी होते. गाडीचं टायटल, म्हणजे मालकीचा कागद, सापडत नाही, हे मी त्यांना मिनिटभरापूर्वीच सांगितलं होतं. जो कागदच हातात नाही, त्यावरच्या दोन नावांमधला शब्द मी काय सांगणार? तसं म्हटल्यावर त्या जरा थांबल्या. मग म्हणाल्या, तुमचे पती गेलेत असं तुम्ही बोललात म्हणून विचारलं, त्या एका शब्दावर पुढचं बरंच काही ठरतं.

मी गॅस बंद केला आणि खुर्चीवर बसले.

गाडी म्हणजे २००६ सालची टोयोटा कोरोला, बेज रंगाची. आज मी 'आमची गाडी' म्हणते, पण तेव्हा माझ्या तोंडी 'त्याची गाडी' असंच होतं. माझी वेगळी होती. कोरोला तो चालवायचा, कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉंटहून आठशे ऐंशी नंबरच्या हायवेवरून सॅन होजेला आणि परत, वर्षानुवर्षं. शनिवारी सकाळी धुवायचाही तोच. मी शेजारच्या सीटवर बसायचे आणि रस्ता चुकला तर सांगायचे, एवढाच माझा तिच्याशी संबंध.

आम्ही फ्रीमॉंटला राहतो आणि ही गाडी फ्रीमॉंटमध्येच तयार झालेली. जनरल मोटर्स आणि टोयोटा या दोन कंपन्यांनी मिळून इथे १९८४ मध्ये न्यूमी नावाचा कारखाना सुरू केला होता. १ एप्रिल २०१० ला तिथून शेवटची गाडी बाहेर पडली, लाल रंगाची कोरोला. त्याच वर्षी ती जागा टेस्लाने घेतली. नवऱ्याला या कारखान्याचं फार अप्रूप. पाहुणे आले की तो त्यांना समोरच्या काचेच्या कोपऱ्यात खाली कोरलेला गाडीचा नंबर, म्हणजे व्हिन, वाचायला लावायचा. सतरा खुणा असतात त्यात. आय, ओ आणि क्यू ही अक्षरं त्यात कधीच नसतात, एक आणि शून्य या आकड्यांशी घोळ होऊ नये म्हणून. पहिला आकडा १ असला की गाडी अमेरिकेत बनलेली. दहावी खूण मॉडेलच्या वर्षाची, आमच्या गाडीला तिथे ६. अकरावी खूण कारखान्याची, तिथे झेड. "हा झेड म्हणजे न्यूमी," तो सांगायचा, "हिचं माहेर आणि सासर एकाच गावात."

तो जाऊन सात महिने झाले होते. गाडी ड्राइव्हवेमध्ये उभी होती. सिएटलहून लेक दर रविवारी विचारायची, "आई, गाडीचं काय करायचं?" विकायची म्हटली असती तर चार पैसे आले असते, पण तिच्या किमतीवरून अनोळखी माणसाशी घासाघीस करायची कल्पनाच मला सहन होईना. लिव्हरमोरच्या देवळातल्या गुरुजींनी दहाव्या-अकराव्याचे विधी केले होते. त्यात दानं असतात. हल्ली गाईऐवजी पैसे ठेवतात, तसे ठेवले होते. तळहातावर पळीभर पाणी घेऊन गुरुजी म्हणायचे, "उदक सोडा, म्हणा, न मम." मी प्रत्येक वेळी पाणी सोडत होते आणि 'न मम' म्हणत होते, पण त्या दिवसांत माझ्या हातून खरं असं काहीच सुटत नव्हतं. गाडी द्यायची, हे मनात त्या दिवशी आलं. गाईच्या जागी कोरोला. कुणाला बालिश वाटेल, मला वाटलं नाही.

कुणाला द्यायची, हे ठरवायला मला टायटल शोधण्याहून जास्त वेळ लागला, आणि तो वेळ लागायलाच हवा होता असं मला वाटतं. अमेरिकेत गाडी दान करणं सोपं करून ठेवलंय. एक फोन करा, टो ट्रक येतो, पावती येते. पण बहुतेक ठिकाणी गाडी थेट लिलावात जाते, मधली यंत्रणा आपला हिस्सा ठेवते आणि उरलेले पैसे संस्थेला मिळतात. यात खोटं काही नाही, अनेक चांगल्या संस्था, सार्वजनिक रेडिओ केंद्रंसुद्धा, या पैशांवर आपलं काम करतात. २००५ पासून कर खात्याचा नियमही याला धरूनच आहे: ५०० डॉलरच्या वर सूट मागायची असेल तर संस्थेने गाडी प्रत्यक्षात जितक्याला विकली तेवढीच रक्कम दाखवता येते, आपल्या मनातली किंमत चालत नाही. पण संस्था ती गाडी स्वतःच्या कामासाठी बराच काळ वापरणार असेल, नीट दुरुस्त करणार असेल, किंवा गरजू माणसाला बाजारभावापेक्षा खूप कमी किमतीत वा फुकट देणार असेल, तर गाडीचं खरं मूल्य धरलं जातं.

कराच्या सुटीचा मला उपयोग नव्हता. २०१८ पासून इथली स्टँडर्ड डिडक्शनची रक्कम इतकी वाढली की माझ्यासारख्या बहुतेकांना दानाचा वेगळा हिशोब मांडायची वेळच येत नाही. पण तो नियम वाचताना शेवटच्या ओळीवर मी थबकले. गरजू माणसाला देणार असेल तर. म्हणजे अशा संस्था आहेत.

लहानपणी नचिकेताची गोष्ट आजीने सांगितली होती. त्याचे वडील यज्ञात गाई दान करतात. पाणी पिऊन झालेल्या, गवत खाऊन झालेल्या, दूध आटलेल्या गाई. त्या बघून तो पोर अस्वस्थ होतो. गोष्ट पुढे यमाच्या दारापर्यंत जाते, पण मला आयुष्यभर ती सुरुवातच टोचत राहिली आहे. जे आपल्यालाच नकोसं झालंय ते दुसऱ्याच्या गळ्यात घालून त्याला दान म्हणायचं का? कोरोलाचं इंजिन उत्तम होतं, ब्रेक वर्षापूर्वी बदललेले होते. तिचं दूध आटलेलं नव्हतं. ती भंगारात किंवा लिलावाच्या रांगेत जाऊ नये, एखाद्या बाईला तीन बस बदलून कामावर जावं लागतंय तिच्या दारात जावी, असं मला फार वाटत होतं. या देशात गाडी नसणं म्हणजे काय, हे मी इथे आल्यावरच्या पहिल्या वर्षात बघितलंय. सत्पात्री दान म्हणतात ते हेच ना?

शेवटी जुन्या गाड्या दुरुस्त करून नोकरी लागलेल्या पण गाडी नसलेल्या कुटुंबांना देणारी एक छोटी संस्था मिळाली. तिचं नाव कर खात्याच्या करमुक्त संस्थांच्या यादीत आहे ना, हे तपासलं. ही यादी कुणालाही फुकट बघता येते, आणि गाडीच काय, शंभर डॉलर देतानाही ती बघावी असं मी सगळ्यांना सांगते. मग फोन केला. तिथे त्या बाई भेटल्या, आणि त्यांचा तो प्रश्न.

टायटल म्हणजे काय, हेच मुळात मला नीट माहीत नव्हतं. इतकी वर्षं इथे राहून! आपल्याकडे आरसी बुक असतं, आता स्मार्ट कार्ड, आणि तोच गाडीचा मुख्य कागद. इथे कागद दोन. एक रजिस्ट्रेशन कार्ड, दरवर्षी फी भरली की नवं येतं, ते गाडीत ठेवायचं. दुसरं टायटल, म्हणजे मालकीचा दाखला, तो घरात जपून ठेवायचा आणि गाडी दुसऱ्याला देताना त्यावर सही करून हवाली करायचा. कॅलिफोर्नियात जुनी माणसं अजून त्याला पिंक स्लिप म्हणतात. कधीकाळी तो कागद गुलाबी असायचा. रंग जाऊन बरीच वर्षं झाली, नाव टिकलं. मी सात महिने गाडीतलं रजिस्ट्रेशन कार्ड बघून समजत होते की कागद आहेत.

टायटल शोधण्यात तीन दिवस गेले. नवरा कागदांच्या बाबतीत व्यवस्थित होता, पण त्याची व्यवस्था त्याच्या डोक्यात होती. घराच्या फायली सापडल्या, लेकीची लसीकरणाची कार्डं सापडली, १९९४ सालचं विमानाचं तिकीट सापडलं. माझ्या वडिलांच्या चेतक स्कूटरच्या आरसी बुकाची झेरॉक्ससुद्धा सापडली, ती आमच्याकडे कशी आली देव जाणे. टायटल नाही.

त्या झेरॉक्समुळे मी मिरजेला भावाला फोन केला. वडील गेल्यावर स्कूटर नावावर करायचं सगळं त्यानेच निस्तरलं होतं.

"आपल्याकडे कसं असतं रे?" मी विचारलं.

"मालक वारला असेल तर फॉर्म ३१," तो म्हणाला. आरटीओचे फॉर्म त्याला पाठ आहेत. "आरसी हरवलं असेल तर २६, आणि पोलीस स्टेशनला हरवल्याची तक्रार द्यायची. कर्जावर घेतली होती का गं गाडी?"

"हो. पण कर्ज कधीच फिटलं."

"ताई, फिटलं ते ठीक. दाजींनी एचपी, म्हणजे कागदावरची बँकेच्या कर्जाची नोंद, कॅन्सल करून घेतली होती का? बँकेचा ३५ नंबरचा फॉर्म आणि एनओसी नेऊन आरटीओत द्यावी लागते, नाहीतर कागदावर बँकेचं नाव तसंच राहतं. इकडे निम्म्या लोकांचं तसंच राहिलेलं असतं."

मी म्हटलं, अमेरिकेत असं नसेल. तो काही बोलला नाही.

डीएमव्हीच्या, म्हणजे इथल्या आरटीओच्या, ऑफिसात सकाळी आठलाच गेले. खिडकीपलीकडे साधारण माझ्याच वयाची बाई होती. मी तिला सगळं सांगितलं: टायटल हरवलंय, नवरा वारलाय, गाडी एका संस्थेला द्यायची आहे. तिने माझ्या हातातलं रजिस्ट्रेशन कार्ड घेतलं, काउंटरवर माझ्याकडे वळवून ठेवलं आणि पेनाचं टोक दोन नावांच्या मधे टेकवलं.

तिथे ना 'अँड' होतं ना 'ऑर'. त्याचं नाव, मग एक तिरकी रेघ, मग माझं नाव.

"ही रेघ म्हणजे 'अँड'," ती म्हणाली.

नावांच्या मधे 'ऑर' असेल तर दोघांपैकी कुणाही एकाची सही पुरते, दुसरा हयात असो वा नसो. रेघ असेल तर दोघांच्या सह्या लागतात. एकाने एकट्याने गाडी विकायची, द्यायची ठरवलं तर ते होत नाही, दुसऱ्याला विचारावंच लागतं. आणि दुसरा वारला असेल तर त्याचा वाटा आधी वारसाकडे यावा लागतो. एकोणीस वर्षं ती रेघ गाडीच्या खणात होती. दरवर्षी नवं कार्ड आलं, दरवर्षी तीच दोन नावं आणि मधे तीच रेघ. मी एकदाही वाचलं नव्हतं. २००६ मध्ये गाडी घेताना विक्रेत्यासमोर कागद भरला तो नवऱ्यानेच, मी लेकीला घेऊन बाहेर फिरत होते. त्याने जाणूनबुजून रेघ घातली की विक्रेत्याने आपणहून, ते आता कळायचं नाही. मी मात्र त्या खिडकीपाशी उभी राहून ठरवून टाकलं की त्यानेच घातली.

मग पेन खाली सरकलं. लीनहोल्डर, म्हणजे कर्जापोटी गाडीवर हक्क असलेला. तिथे एका बँकेचं नाव होतं. कर्ज २०११ मध्ये फिटलं होतं. भाऊ मिरजेत बसून बरोबर सांगत होता.

झालं असं असणार: कर्ज फिटल्यावर बँकेने आपला हक्क सोडल्याची सही करून टायटल आम्हाला पाठवलं. ते घेऊन डीएमव्हीत जायचं आणि बँकेचं नाव उतरवून नवं टायटल घ्यायचं, एवढंच बाकी होतं. तो पाकीट जपून ठेवून विसरला. बरेच जण विसरतात. गाडी चालतच असते, फी भरली जातच असते, मधे काही अडत नाही. गाडी द्यायची वेळ येईपर्यंत अडत नाही.

खिडकीतल्या बाईने मला तीन गोष्टी लिहून दिल्या. रेग २२७ हा फॉर्म, म्हणजे टायटल हरवल्याचं निवेदन. कॅलिफोर्नियात सोय अशी की त्याच फॉर्मवर आपला हक्कही सोडता येतो, आधी नवं टायटल मागवून त्याची वाट बघत बसायला नको. बऱ्याच राज्यांत आधी दुसरी प्रत काढावी लागते, ती हातात आली की मगच दान. दुसरा, रेग ५, प्रोबेट, म्हणजे वारसाहक्काची कोर्टातली प्रक्रिया, न करता वारसाच्या नावाने गाडी करण्याचं प्रतिज्ञापत्र, सोबत मृत्यूचा दाखला. त्याला अटी आहेत: प्रोबेट चालू नसावं, मालमत्ता ठरावीक मर्यादेत असावी (आमचं घर आधीच ट्रस्टमध्ये होतं, म्हणून तो प्रश्न आला नाही), आणि माणूस जाऊन किमान ४० दिवस झालेले असावेत. आपल्याकडे दहावा, तेरावा, वर्षश्राद्ध. इथल्या कायद्याने चाळीस दिवस थांबायला सांगितलंय. ज्या कुणी तो आकडा घातला त्याने कधीतरी घरातलं माणूस गमावलेलं असावं असं मला वाटून गेलं. आणि तिसरं, बँकेकडून हक्क सोडल्याचं पत्र, नोटरीच्या शिक्क्यासह.

बँक त्या नावाने उरलेली नव्हती. ठेवींचा विमा उतरवणाऱ्या सरकारी महामंडळाच्या, एफडीआयसीच्या, संकेतस्थळावर बँकांची वंशावळ बघायला मिळते. कुठली बँक कोणत्या साली कोणात विलीन झाली ते नोंदलेलं असतं. त्यावरून आजचं नाव शोधलं, फोन केला, माझी सगळी कथा चार वेगवेगळ्या माणसांना चार वेळा सांगितली. कर्जाचा नंबर मला त्याच्या जुन्या चेकबुकात सापडला. पत्र यायला पाच आठवडे लागले.

त्या पाच आठवड्यांबद्दल मला लिहायचंय, बाकीचं कुणालाही कुठेही कळेल.

सात महिने उभी राहून गाडीची बॅटरी उतरली होती. संस्थेच्या बाई म्हणाल्या, शक्य असेल तर अधूनमधून चालवत राहा. शेजाऱ्याने जंपर केबल लावून दिली. मी पहिल्यांदाच तिच्या ड्रायव्हरच्या सीटवर बसले. पाय पॅडलला पोचेनात. सीट पुढे ओढायचा खटका कुठे आहे ते शोधायला वेळ लागला, आणि सापडल्यावरही मी तो लगेच ओढला नाही. आरसा माझ्या उंचीला आणला. मग एलिझाबेथ तळ्याला एक चक्कर मारून परत आले. हात थरथरत होते.

दर मंगळवारी आणि शुक्रवारी असं सुरू झालं. एकदा नाइल्सपर्यंत गेले, एकदा कॅन्यनच्या वळणांवरून सुनोलपर्यंत. कोरोलाचं स्टिअरिंग डावीकडे किंचित ओढतं हे मला तेव्हा कळलं. तो नेहमी उजव्या हाताने चाक धरायचा, त्याचं कारणही कळलं. तिसऱ्या आठवड्यात भाजी आणायला मी माझी गाडी सोडून तिला घेऊन गेले, आणि दुकानाच्या पार्किंगमध्ये उभी करून चालताना मागे वळून बघितलं तर मनात आलं, माझी गाडी कुठे लावली ते लक्षात ठेवायला हवं. माझी.

दानाची आपल्या धर्मशास्त्रात एक व्याख्या आहे, कॉलेजात संस्कृत घेतलं होतं तेव्हा शिकले होते: आपलं स्वत्व निवृत्त करून दुसऱ्याचं स्वत्व निर्माण करणं म्हणजे दान. नुसतं देऊन टाकणं पुरेसं नाही. आधी वस्तूवर आपलं स्वत्व हवं, मग ते मागे घ्यायचं, मग समोरच्याचं उभं करायचं. मी देवळात 'न मम' म्हणत होते तेव्हा काहीच सुटत नव्हतं, त्याचं कारण मला नाइल्सच्या रस्त्यावर उमगलं. त्याच्या गेल्यानंतर घरातली कुठलीच वस्तू मी माझी मानलेली नव्हती. कपाट त्याचं, फायली त्याच्या, गाडी त्याची. त्याची गाडी मी देणार कशी? ती नकोशी होती, दृष्टीआड करायची होती, एवढंच. टायटल हातात असतं तर पहिल्याच आठवड्यात टो ट्रक बोलावून मी तिला घालवून दिली असती आणि त्याला दान म्हटलं असतं. नचिकेताने मान फिरवली असती.

मराठीत आपण हक्कावर पाणी सोडतो. सोडायचं तर आधी हक्क आपला हवा. हरवलेल्या कागदाने मला तो सिद्ध करायला लावला, एकेक सही करून.

पत्र आलं त्या दिवशी मी जेवणाच्या टेबलावर सगळे फॉर्म मांडले. लेकीला आधीच विचारलं होतं, ती म्हणाली, "आई, तुझी आहे. तू दे." रेग ५ वर नवऱ्याच्या नावासमोर मी वारस म्हणून सही केली. रेग २२७ वर एकदा टायटल हरवल्याबद्दल आणि पुढे हक्क सोडल्याबद्दल. मीटरचा आकडा सांगणं आमच्या गाडीला बंधनकारक नव्हतं. २०१० आणि त्याआधीच्या मॉडेलना ती अट लागू नाही. कायदा म्हणतो, एवढ्या जुन्या गाडीने किती प्रवास केला ते आम्ही विचारत नाही. मी तरीही ड्राइव्हवेमध्ये जाऊन बघून आले. एक लाख शहाऐंशी हजार आणि काही मैल. त्यातले शेवटचे दोनशे माझे.

गाडी न्यायला आलेला तरुण अबोल होता, आणि त्याचं मला बरं वाटलं. त्याआधी मी खण रिकामा केला, टोलचा टॅग काढला, डॅशबोर्डवरचा चिमुकला गणपती काढून परत ठेवला. ज्या घरी जाईल तिथल्यांना नको असेल तर ते काढतील. नंबर प्लेट गाडीवरच राहिली. कॅलिफोर्नियात साधी प्लेट गाडीबरोबर जाते, काही राज्यांत ती काढून घ्यावी लागते. मी तळहातावर थोडं पाणी घेऊन बॉनेटवर सोडलं. त्या तरुणाने काही विचारलं नाही, बाजूला होऊन उभा राहिला.

त्याच संध्याकाळी रिलीज ऑफ लायबिलिटी भरली, म्हणजे गाडी आपण दिली हे डीएमव्हीला कळवलं. रेग १३८ म्हणतात त्या फॉर्मला, ऑनलाइन भरता येतो, मुदत पाच दिवसांची. हे पुष्कळ लोक संस्थेवर सोडून देतात, तसं करू नये. कागदोपत्री गाडी तुमच्या नावावर राहिली तर पुढचे टोल, पार्किंगचे दंड तुमच्या दारात येतात. विमा त्यानंतर बंद केला, आधी नाही. आणि ज्यांच्या ड्राइव्हवेमध्ये दोघांच्या नावाची गाडी उभी आहे त्यांनी आजच खण उघडून रजिस्ट्रेशन कार्ड वाचावं. नावांच्या मधे काय आहे ते बघावं, खाली बँकेचं नाव राहिलंय का ते बघावं, आणि टायटल कुठे ठेवलंय ते एकमेकांना सांगून ठेवावं. दोघंही असताना हे दहा मिनिटांचं काम आहे.

तीन आठवड्यांनी टपालाने १०९८-सी आला. गाडी दान केल्याची ही अधिकृत पावती. संस्था गाडी गरजू माणसाला देणार असेल तर ती ३० दिवसांच्या आत पाठवावी लागते. वर व्हिन होता. मी बोट ठेवून सतरा खुणा मोजल्या, दहावी ६, अकरावी झेड. ५बी क्रमांकाच्या चौकटीत खूण होती: ही गाडी बाजारभावापेक्षा खूप कमी किमतीत एका गरजू व्यक्तीला दिली जाईल. त्या व्यक्तीचं नाव कळवत नाहीत आणि मी विचारलंही नाही.

देणाऱ्याच्या रकान्यात एकच नाव छापलेलं होतं, माझं. कागदोपत्री बरोबरच होतं ते, त्याचा वाटा माझ्याकडे आल्यावरच मी गाडी दिली होती. या पावतीच्या दोन प्रती येतात. एक कराच्या कागदांना जोडायची, तिची मला गरज नव्हती. दुसरी, सी प्रत, देणाऱ्याने स्वतःजवळ ठेवायची.

सी प्रत घेऊन मी टेबलाशी बसले. पेन काढलं आणि माझ्या नावाच्या आधी जेवढी जागा होती तेवढ्यात बारीक अक्षरांत त्याचं नाव लिहिलं. मग दोन्ही नावांच्या मधे एक तिरकी रेघ ओढली.